सासूबाईंच्या डोळ्यांचा फोटो

लग्नाला चार वर्षं झाली तरी माझ्या सासूबाई माझ्याशी एक शब्दही थेट बोलल्या नव्हत्या. राग वगैरे काही नव्हता. धरणगावच्या त्यांच्या घरात तशी रीतच होती. सासूने जावयासमोर पदर नाकापर्यंत ओढायचा, दाराआडून बोलायचं, आणि तेही तिसऱ्याच कोणाला तरी उद्देशून. मी जेवायला बसलो की आतून आवाज यायचा, "त्यासले सांग, भरीत अजून शे, लाजू नका म्हनाव." हा निरोप माझ्या बायकोसाठी असायचा. बायको पाणी आणायला गेलेली असली तर सासऱ्यांसाठी, आणि सासरेही ओट्यावर जाऊन बसले असले तर मांजरासाठी. मांजर मला काही सांगायचं नाही, पण निरोप पोचायचा. मीही मांजराकडे बघून "आता पुरे" म्हणायला शिकलो होतो.

त्यांची धाकटी बहीण मात्र अगदी उलट. एक गल्ली सोडून राहायची. मी तिला मावशीच म्हणायचो. रीतीप्रमाणे तिनेही पदर घ्यायला हवा होता, पण मावशींच्या डोक्यावर पदर टिकायचाच नाही, बोलता बोलता खांद्यावर यायचा. मी आल्याची बातमी लागली की त्या हातातलं काम टाकून यायच्या आणि माझ्यासमोर बसून माझी उलटतपासणी घ्यायच्या. पगार वाढला का, पोट का सुटलं, जळगावची माणसं शेवभाजीत एवढा रस्सा का घालतात. सासूबाई आतून "बस कर ना आते, किती बोलस" म्हणायच्या, आणि मावशींना त्यामुळे उलट जोर चढायचा.

मी जळगावात एका डोळ्यांच्या दवाखान्यात तंत्रज्ञ होतो. चष्म्याचे नंबर काढायचे, डोळ्याचा दाब मोजायचा, डॉक्टरसाहेबांच्या आधी पेशंट तयार ठेवायचा. स्वभाव मुळात तापट, आणि काम असं की पेशंटनं हलता कामा नये. "समोर बघा" म्हटलं की माणसं हटकून माझ्याकडे बघत. "पापणी मिटू नका" म्हटलं की आधी मिटत. संध्याकाळपर्यंत माझं डोकं तापलेलं असायचं, आणि घरी आल्यावर बायको म्हणायची, "अहो, मी पेशंट नाही."

नव्वदच्या दशकाची अखेर असेल. दिवाळी होऊन गेली होती, थंडी पडायला लागली होती, आणि मुंबईहून एका कंपनीचं यंत्र आमच्या दवाखान्यात थोड्या दिवसांसाठी दाखवायला येणार असं डॉक्टरसाहेबांनी सांगितलं. पसंत पडलं तर विकत घ्यायचं. ते डोळ्याच्या मागच्या नसेची जाडी मोजतं म्हणे, तेही डोळ्याला न शिवता, प्रकाशावर.

यंत्र मॅटाडोरमधून आलं. टेबलाएवढं अंग, एक संगणक, आणि सोबत कंपनीचा तरुण इंजिनिअर. त्यानं आल्या आल्या आमच्या विजेचा दाब मोजला आणि तोंड वाकडं केलं. स्टॅबिलायझर आणा, खोलीत अंधार करा, पंखा बंद ठेवा. त्याचे हुकूम ऐकून मला बरं वाटलं, कारण माझ्यासारखाच किरकिरा माणूस बऱ्याच दिवसांनी भेटला होता. आमची पहिल्याच दिवशी गट्टी जमली.

त्यानं मला यंत्राचं मर्म समजावलं ते असं. साधा प्रकाश सगळ्या दिशांनी थरथरत येतो. एका खास काचेतून गाळून घेतला की तो एकाच दिशेत थरथरतो, त्याला ध्रुवीकृत प्रकाश म्हणतात. आता डोळ्याच्या पडद्यावर नसेचे तंतू असतात ते शेजारी शेजारी, एका दिशेनं, पेळूतल्या कापसासारखे विंचरलेले. हा गाळलेला प्रकाश त्या तंतूंमधून जाऊन परत आला की त्याची थरथर जराशी फिरते. तंतूंचा थर जाड असेल तर जास्त फिरते, पातळ असेल तर कमी. यंत्र ते फिरणं मोजतं आणि त्यावरून जाडी काढतं. पडद्यावर रंगीत नकाशा उमटतो. चांगली नस असली की मधल्या गोलाच्या वर आणि खाली पिवळे-तांबडे पट्टे दिसतात. जिथे नस झिजली तिथे निळा रंग.

काचबिंदूत हीच नस झिजते. दुखत नाही, खुपत नाही, समोरचंही दिसत राहतं, कडेकडेनं मात्र अंधार आत सरकतो. माणसाला कळतं तेव्हा बरीच नस गेलेली असते, आणि गेलेली परत येत नाही. म्हणून आधी कळलं पाहिजे, आणि म्हणून हे यंत्र.

ऐकता ऐकता मला सासूबाई आठवल्या. त्यांची आई काचबिंदूनं आंधळी झाली होती. म्हणजे तो काचबिंदूच होता असं आता मी म्हणतो, तेव्हा घरात सगळे म्हातारपण म्हणायचे. म्हातारी शेवटी शेवटी पाण्याचा तांब्या चाचपडत शोधायची आणि भर दुपारी "दिवा लावा" म्हणायची. बायकोनं मला एकदा सांगितलं होतं, "आई रोज सकाळी अंगणात उभी राहते, एक डोळा झाकते आणि तुळशीकडे बघते. मग दुसरा झाकून बघते. आपल्याला कोणी पाहत नाही असं तिला वाटतं." त्या बाईच्या मनात काय चाललं असेल ते मला त्या दिवशी, यंत्रासमोर, नीट कळलं. हा आजार आईकडून मुलीकडे येऊ शकतो. सासूबाईंचे डोळे जातील की राहतील हे आता पाहता येणार होतं, आणि पाहणारा मीच होतो.

रविवारी मी धरणगाव गाठलं. बायको तेव्हा बी.एड.साठी धुळ्याला होती, त्यामुळे एकटाच गेलो. इंजिनिअरनं मला ध्रुवीकरणाच्या काचेचे दोन पातळ तुकडे खेळायला दिले होते, ते खिशात होते. सासरे, म्हणजे नाना, ओट्यावर बसले होते, मावशी हजर होत्याच, आणि सासूबाई दाराआड. मी एक तुकडा दुसऱ्यावर ठेवून फिरवला. दोन्ही काचांतून आरपार दिसत होतं ते फिरवता फिरवता काळं झालं. नाना म्हणाले, "हाई नजरबंदी शे." मग मी बायकोच्या जुन्या कंपासपेटीतला प्लास्टिकचा कोनमापक काढला आणि दोन काचांच्या मध्ये धरला. साध्या पारदर्शक कोनमापकात एकदम हिरवे, जांभळे, केशरी पट्टे उठले.

मावशींनी तो हातातून ओढूनच घेतला. "ओ माय, हाई ते बांगड्यासनं दुकान शे," म्हणाल्या.

मी म्हटलं, "मावशी, हे रंग बाहेरून घातलेले नाहीत. प्लास्टिकच्या आत जो ताण आहे तो असा दिसतो. एरवी आरपार दिसतं म्हणून आपल्याला वाटतं आत काही नाही. डोळ्यातली नस तशीच. नुसत्या नजरेला तिची जाडी कळत नाही, या प्रकाशाला कळते. आणि काचबिंदू आईकडून मुलीकडे येऊ शकतो, म्हणून आईंनी एकदा दाखवून घ्यावं."

दाराआडून एक हात बाहेर आला. मावशींनी काचा आणि कोनमापक त्या हातावर ठेवला. आत काच काचेवर फिरल्याची बारीक करकर ऐकू आली. मग सासूबाई म्हणाल्या, "नाना, त्यासले विचारा, त्या यंत्रासमोर कसं बसनं पडस."

मी नानांकडे बघून सांगितलं. हनुवटी टेकवायची, कपाळ पट्टीला लावायचं, आणि समोरच्या दिव्याकडे टक लावून पाहायचं. यंत्रामागे मी असेन.

"तोंड उघडं करीसन?"

"थोडं करावं लागेल."

त्या दिवशी भरीत नानांनीच वाढलं. मांजरालासुद्धा निरोप मिळाला नाही. निघताना मी नानांना पुन्हा पुन्हा सांगितलं की यंत्र गुरुवारी धुळ्याला जाणार आहे, त्याआधी या. नाना म्हणाले, "देखूत." खान्देशात 'देखूत' म्हणजे पाहू, आणि पाहू म्हणजे सहसा नाही.

पण बुधवारी नाना खरंच आले. मागे पदर नाकापर्यंत ओढलेली, मान खाली घातलेली बाई. मला इतका आनंद झाला की मी रांगेतल्या लोकांना थांबवून त्यांना आधी आत घेतलं. नाना म्हणाले, "मी भाईरच बससू," आणि व्हरांड्यात जाऊन पंख्याकडे बघत बसले. पंखा बंद होता. तरी मला काही वाटलं नाही.

खोलीत अंधार होता, फक्त संगणकाच्या पडद्याचा उजेड. त्यांनी हनुवटी टेकवली, पण पदर तोंडावरून काढला नाही, नाकावर घट्ट धरून ठेवला. दिसत होते ते फक्त डोळे. मला तेवढेच हवे होते. मी जन्मात कधी वापरला नसेल एवढा गोड आवाज काढला. "आई, समोरच्या दिव्याकडे बघा. हलू नका."

त्या हलल्या. खांदे गदगद हलायला लागले. फोटो पुसट आला.

"आई, घाबरायचं काही कारण नाही. डोळ्याला काही लागत नाही."

हे ऐकल्यावर त्या जास्तच थरथरायला लागल्या. तोंडातून हूं की चूं नाही. दुसऱ्या कोणाला मी एव्हाना झापलं असतं. इथे मी इंजिनिअरला हळूच म्हटलं, "जुनी माणसं आहेत, भीती वाटते." इंजिनिअरनं सहानुभूतीनं मान हलवली. थोडं पाणी दिलं, ते त्यांनी पाठ फिरवून प्यायलं. शेवटी दोन्ही डोळ्यांचे चांगले फोटो मिळाले. उठताना त्यांनी मला नमस्कारासारखं काहीतरी केलं आणि त्या जवळजवळ पळतच बाहेर गेल्या.

नकाशे पडद्यावर उमटले तेव्हा माझं हसू गेलं. डावा डोळा बरा होता. उजव्या डोळ्यात वरचा पट्टा ठीक, पण खालचा जिथे पिवळा हवा तिथे निळा.

डॉक्टरसाहेब संध्याकाळी फोटो बघत बसले. ते घाईनं बोलणारे नव्हते. म्हणाले, "एक ध्यानात ठेव. बुबुळावरचा पारदर्शक पडदासुद्धा या प्रकाशाला वळवतो. यंत्र तेवढं वळण वजा करतं, पण सगळ्या माणसांचं सारखंच आहे असं धरून. एखाद्याचं वेगळं असलं तर नकाशा फसवू शकतो. म्हणून एकट्या यंत्राचं ऐकायचं नाही. दाब मोज, मी आतून नस बघतो, मग ठरवू. पण घेऊन ये, टाळू नकोस."

 तो रंगीत नकाशा म्हणजे नुसता फोटो नव्हता, रोज सकाळी एक डोळा झाकून तुळशीकडे बघणाऱ्या बाईचं उत्तर होतं, आणि ते मला नेऊन द्यायचं होतं. तेही मांजराला सांगून.

दुसऱ्या दिवशी यंत्र धुळ्याला गेलं. तिथल्या एका ओळखीच्या डॉक्टरांकडे ते मांडायचं होतं आणि मी आता त्यात तरबेज झालो म्हणून डॉक्टरसाहेबांनी मलाही थोड्या दिवसांसाठी पाठवलं. मी वाट वाकडी करून आधी धरणगावला उतरलो.

ओट्यावर नाना आणि मावशी बसले होते. मावशी मला बघून हसल्या आणि उगाचच पदर सावरायला लागल्या. चहा झाला. मी खाकरलो, नानांकडे बघून पण दाराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "आईंच्या उजव्या डोळ्यात खालच्या बाजूला नस पातळ वाटते. अजून नक्की नाही. पण काचबिंदूची सुरुवात असू शकते. लगेच थेंब सुरू केले तर नजर वाचते."

आत कपबशी फुटली. ते मी समजू शकत होतो. पण इथे ओट्यावर नानांनी कपाळाला हात लावला, आणि ते माझ्याकडे न बघता मावशींकडे बघत होते. आणि मावशी, एवढ्या बडबड्या मावशी, पांढऱ्याफटक पडल्या होत्या. त्यांनी हात उजव्या डोळ्यावर नेला आणि तिथेच ठेवला.

आतून सासूबाईंचा आवाज आला. तो फुटलेला होता. "नाना, सांगी द्या त्यासले. तो डोया मना नही."

मला काही उमगेना. मग नानांनी सगळं सांगितलं, जमिनीकडे बघत. जावयासमोर तोंड उघडं करून बसायचं या कल्पनेनं सासूबाईंची झोप उडाली होती. आणि कळलं तर काय कळेल याचीही धास्ती होतीच. न जावं तर जावई एवढा घरी येऊन सांगून गेला, त्याचा मान कसा राखायचा. मग त्यांनी स्वतःच तोड काढली. हा आजार आईकडून येतो असं जावई म्हणाला. आम्ही दोघी एकाच मायच्या पोटच्या. तिचा डोळा पाहिला म्हणजे माझाही पाहिल्यासारखाच. मावशींना गंमत हवीच होती, त्या एका पायावर तयार झाल्या. पदर ओढला, तोंड मिटलं, आणि स्वतःचीच बहीण होऊन माझ्यासमोर बसल्या. अंधारात त्या थरथरत होत्या ते भीतीनं नव्हे. मी "आई, घाबरू नका" म्हटल्यावर त्यांना हसू आवरेना.

मला हे ऐकून राग यायला हवा होता. सवयीनं तो वर आलाही. डोळ्यांच्या दवाखान्यात माणूस बदलून पाठवायचं म्हणजे काय हा पोरखेळ. तोंड उघडलं, आणि समोर मावशी डोळ्यावर हात धरून बसलेल्या दिसल्या. राग कुठल्या कुठे गेला.

"मावशी, तुम्ही जळगावला आलात ते फार बरं झालं," मी म्हटलं. "एरवी तुम्ही आयुष्यात डोळे तपासले नसते."

"माले काय व्हयेल शे? माले बठ्ठं दखास," त्या म्हणाल्या. आवाज मात्र त्यांचा नव्हता.

"काचबिंदूत सगळं दिसतच असतं, मावशी. सुरुवातीला."

मी धुळ्याला चला म्हटलं, दोघींनाही, कारण सासूबाईंचा डोळा तर अजून कोणी पाहिलाच नव्हता. मावशी उठल्या आणि "मी कोठेच येवाव नही" म्हणून घरी चालत्या झाल्या. जी बाई जत्रा म्हणून जळगावला आली होती ती आता दवाखान्याचं नाव ऐकायला तयार नव्हती. मी निरोप ठेवून धुळ्याची एस.टी. पकडली. मागे दोघी बहिणींत काय झालं ते मला पुढे बायकोकडून कळलं. सासूबाई मावशींच्या घरी जाऊन चुलीपाशी बसल्या आणि उठेनात. मावशी म्हणाल्या, माय आंधळी झाली तरी जगलीच ना. सासूबाई म्हणाल्या, तू येऊन-जाऊन होतीस, ती माझ्याजवळ होती, कशी जगली ते मी पाहिलंय. आणि मग म्हणाल्या, "मी पहिले बससू. तू मना मांगे बस."

शनिवारी त्या धुळ्याच्या बसस्टँडवर उतरल्या. नाना, सासूबाई, मावशी. बायकोचा त्या दिवशी शाळेत पाठ होता, ती दुपारनंतर येणार होती. म्हणजे मध्ये निरोप्या कोणी नाही. नाना नेहमीप्रमाणे बाहेर बसले, इथला पंखा तरी फिरत होता.

अंधाऱ्या खोलीत दोघी आल्या. मी यंत्राच्या मागे स्टुलावर. मला वाटलं आता पुन्हा पदराची ओढाताण होणार. सासूबाईंनी स्टूल पुढे ओढलं, बसल्या, दोन्ही हातांनी पदर मागे सारला आणि हनुवटी टेकवली. मी तो चेहरा पहिल्यांदाच पाहिला. कपाळावर गोंदलेलं होतं, ओठ घट्ट मिटलेले, आणि डोळे थेट दिव्यावर. त्या एकदाही हलल्या नाहीत. माझ्या सगळ्या नोकरीत इतका स्थिर पेशंट मला मिळाला नाही. पहिलाच फोटो लख्ख आला. दोन्ही डोळ्यांत वर-खाली पिवळे-तांबडे पट्टे, भरघोस. दाबही उत्तम. धुळ्याच्या डॉक्टरांनी आतून नस बघितली आणि म्हणाले, "यांना काही नाही. वर्षाकाठी दाखवत राहा."

मी मोठ्यानं श्वास सोडला. सासूबाईंनी ते ऐकलं की नाही कोण जाणे, त्या स्टुलावरून उठून बहिणीला खांद्याला धरून बसवत होत्या. मावशींनी हनुवटी टेकवली, या वेळी खऱ्याखुऱ्या थरथरत होत्या. सासूबाई मागे उभ्या राहिल्या आणि बहिणीचं डोकं त्यांनी दोन्ही हातांनी पट्टीला धरून ठेवलं. यंत्राला असा मदतनीस मिळाल्याचं इंजिनिअरला फार कौतुक वाटलं.

उजव्या डोळ्यात खालचा पट्टा पुन्हा निळाच आला. दाब वाढलेला होता. डॉक्टरांनी भिंगातून बराच वेळ पाहिलं आणि मान हलवली. काचबिंदूच. सुरुवात होती, पण होता. त्यांनी थेंब लिहून दिले, रोज सकाळ-संध्याकाळ, कायमचे. मग ते मावशींना घेऊन दुसऱ्या खोलीत गेले, नजरेची कड तपासायला.

इंजिनिअर चहाला गेला, आणि खोलीत मी आणि सासूबाई उरलो. मी उगाच तारा गुंडाळायला लागलो. त्यांनी पदर अजून पुढे घेतला नव्हता. त्या यंत्राला वळसा घालून माझ्या बाजूला आल्या आणि माझ्यासमोर उभ्या राहिल्या. खोलीत ना मांजर, ना नाना, ना माझी बायको.

"जवाईबुवा," त्या म्हणाल्या, "मना मायना डोया गयात. हिना जातीन का? खरं सांगा."

आमच्या दवाखान्याचा दंडक होता की तंत्रज्ञानं पेशंटला काही सांगायचं नाही, डॉक्टर सांगतील. ते वाक्य माझ्या जिभेवर रोज तयार असायचं. त्या चेहऱ्यासमोर ते मला म्हणता येईना. मी म्हटलं, "जेवढी नस गेली ती परत यायची नाही. पण आहे ती टिकेल. थेंब एक दिवससुद्धा चुकता कामा नयेत. चुकले नाहीत तर मावशींना दिसत राहील."

त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं, मी खोटं बोलतोय का हे तपासावं तसं. मग म्हणाल्या, "मंग थेंबासनं मनावर सोडा, मीच टाकसू."

दार वाजलं, बायको आली. सासूबाईंनी पदर नाकापर्यंत ओढला आणि तिला म्हणाल्या, "त्यासले विचार, जेवनात का?"

पुढे त्या रोज सकाळी आणि संध्याकाळी एक गल्ली ओलांडून मावशींकडे जात राहिल्या. लग्नकार्य असो, कापसाची वेचणी असो, मावशी कुठे परगावी जाणार असतील तर सासूबाईही पिशवी भरून सोबत. मावशी मला भेटल्या की तक्रार करायच्या, "तुमनी सासू माले सुखमा झोपूबी देत नही. पहाटे इसन डोया उघाडस." तक्रार करताना त्या माझ्या शर्टाचं तुटलेलं बटण, केसांतला पहिला पांढरा, सगळं बरोबर टिपायच्या. आमच्या डॉक्टरसाहेबांनी ते यंत्र शेवटी घेतलं नाही, जुन्या पद्धतीनंच दरवर्षी मावशींचा दाब आणि नजरेची कड बघत राहिले. ती कड आत सरकली नाही.

सासूबाई पुढे बरीच वर्षं होत्या. मला भरीत वाढत राहिल्या, निरोप पाठवत राहिल्या, पण माझ्याशी थेट पुन्हा कधी बोलल्या नाहीत. मावशींना शेवटपर्यंत दिसत होतं, त्यामुळे तशी वेळच आली नाही.